नवा करार वाचताना एक बोट जुन्या करारात

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ‘प्रत्येक शास्त्रलेख’ उपयोगी आहे असं म्हटलंय, तेव्हा डोळ्यांसमोर नवा करार नव्हता. तो अजून पुस्तकरूपात आलेलाच नव्हता. तीमथ्याला लहानपणापासून ठाऊक असलेलं पवित्र शास्त्र म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे, स्तोत्रं आणि त्यांच्यासोबतची इब्री पुस्तकं, आपण ज्याला जुना करार म्हणतो ते. येशूनं त्यातूनच शिकवलं, पौलानं त्याच्याच आधारे वाद घातला. नव्या करारातले लेखक आपल्या वाचकाच्या कानावरून हे शास्त्र गेलेलं आहे असं धरूनच लिहितात, आणि म्हणून बऱ्याच ठिकाणी अर्धंच बोलून थांबतात.

आपण मात्र उलट्या वाटेनं येतो. आधी शुभवर्तमानं, मग पत्रं, आणि जुना करार जमला तर. पानाच्या तळाशी ‘यश. ५:१’ (यशयाचं पुस्तक, पाचवा अध्याय, पहिलं वचन) असं बारीक अक्षरात दिसतं आणि नजर पुढे सरकते. त्या संदर्भापाशी थांबायचं, आणि एक वचन न उघडता अख्खा उतारा उघडायचा, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

अख्खा उतारा का? कारण पहिल्या शतकात अध्याय आणि वचनांचे आकडे नव्हतेच. आज वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातल्या वचनांना आकडे मिळाले १५५१ साली. त्याआधी एखादी जागा दाखवायची तर तिथले शब्द उच्चारायचे किंवा प्रसंग सांगायचा. मार्क १२:२६ मध्ये येशू सदूकी लोकांना मोशेच्या पुस्तकातल्या ‘झुडपाच्या गोष्टी’त काय लिहिलंय ते विचारतो. निर्गम ३:६ असं म्हणण्याची सोयच नव्हती. उच्चारलेले दोन-चार शब्द हे त्या संपूर्ण भागाचं नाव असायचं, ऐकणाऱ्याच्या मनात पुढचं-मागचं आपोआप यायचं. आपल्या मनात ते येत नाही, म्हणून पुस्तक उघडावं लागतं.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर हे करून बघा. मार्क १२ मध्ये एक माणूस द्राक्षमळा लावतो, कुंपण घालतो, द्राक्षकुंड खणतो, बुरूज बांधतो आणि मळा कुळांना देऊन परदेशी जातो. कुंपण, कुंड आणि बुरूज यांचं पुढच्या कथानकात काहीही काम नाही. मग ते आलेत कशाला? यशया ५:१-७ उघडा. सुपीक टेकडीवरचा मळा, वेचून काढलेले धोंडे, निवडक वेली, मधोमध बुरूज, खोदलेलं कुंड. त्याचं कुंपण मालक पुढे काढून टाकणार आहे. सातव्या वचनात यशया उघडच सांगतो की हा मळा म्हणजे इस्राएलाचं घराणं. देवानं न्यायाची वाट पाहिली आणि दिसला रक्तपात.

आता दोन्ही उतारे शेजारी ठेवा आणि काय बदललं ते पाहा. यशयात मळा वाईट निघतो. द्राक्षं आंबट, रानटी. म्हणून मालक मळाच उजाड करतो. मार्कमध्ये मळ्याविषयी एकही तक्रार नाही. पीक येतंय, मालकाला त्याचा वाटा हवाय. दोष आहे कुळांचा. ही कुळं यशयात मुळात नाहीतच, येशूनं ती नव्यानं आणली आहेत. ऐकणारे कोण? मार्क ११:२७ प्रमाणे मुख्य याजक, शास्त्री आणि वडील, म्हणजे मंदिराचा कारभार ज्यांच्या हाती होता ते लोक. आणि १२:१२ मध्ये त्यांना बरोबर कळतं की दाखला आपल्यावरच आहे. शेवटी मालक मळा उद्ध्वस्त करत नाही, दुसऱ्यांच्या हाती सोपवतो.

यशया न उघडता हा दाखला वाचणाऱ्यांनी शतकानुशतकं ‘देवानं यहूदी लोकांना टाकलं’ असा अर्थ काढला आणि त्याचे परिणाम फार वाईट झाले. इस्राएल म्हणजे मळा आहे हे यशयाचं सातवं वचन माहीत असतं तर तो अर्थ टिकलाच नसता. एका लोकसमूहातल्या पुढाऱ्यांना त्याच समूहातल्या एका गुरूनं, त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत दिलेला हा इशारा आहे. संदेष्टे हेच करत आले होते.

पद्धत म्हणून ती अशी. वहीत तीन रकाने आखा: घेतलं, बदललं, सोडलं. आधी मूळ उतारा त्याच्या स्वतःच्या काळात वाचा. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या संकटात. तोवर नवा करार मिटलेला राहू द्या. मग अवतरण उघडून रकाने भरा. ‘घेतलं’ हा रकाना लगेच भरतो. खरा अर्थ बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात सापडतो.

तिसऱ्या रकान्यासाठी लूक ४ घ्या. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडून ६१व्या अध्यायाचा आरंभ वाचतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, प्रभूच्या प्रसादाचं वर्ष. तिथे वाचन थांबतं. यशयात मात्र वाक्य संपलेलं नाही, लगेच पुढे ‘आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’ येतो. तो वगळलाय. शिवाय मध्ये ‘ठेचलेल्यांना मोकळं करणं’ हे शब्द आलेत, ते ६१मधले नाहीतच, ५८:६ मधले आहेत. त्या अध्यायात उपास धरून मजुरांना पिळणाऱ्यांची यशयानं कडक हजेरी घेतली आहे. आणि लगेच येशू कुणाची उदाहरणं देतो? सीदोनाजवळच्या सारफथची विधवा आणि सूरियाचा नामान, दोघंही परके. सूड गळला आणि परके आत आले. सभास्थानातली माणसं एवढी का भडकली हे त्यावरून कळतं. नुसतं लूक वाचून त्यांचा राग अचानक आल्यासारखा वाटतो.

आता सगळ्यात जास्त घसरायला होतं ती जागा. मत्तय २:१५ म्हणतो की बाळाला घेऊन योसेफ मिसरात गेला, ते ‘मी आपल्या पुत्राला मिसरातून बोलावलं’ हे संदेष्ट्याचं वचन पूर्ण व्हावं म्हणून. वाचक होशेय ११:१ उघडतो आणि गोंधळतो. तिथे भविष्य सांगितलेलंच नाही. इस्राएल मूल होता, देवानं त्याच्यावर प्रेम केलं, त्याला मिसरातून बाहेर आणलं: ही मागची आठवण आहे, निर्गमाची. पुढच्याच वचनात तर हा मुलगा हाक मारावी तितका लांब पळतो आणि बआल नावाच्या दैवतांना बळी देतो. हे येशूविषयीचं भाकीत आहे असं ठोकून सांगणाऱ्याची इथे अडचण होते, आणि मत्तयानं ओढूनताणून लावलं असं म्हणणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं.

दोघांनीही होशेयचा अकरावा अध्याय शेवटपर्यंत वाचलेला नसतो. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, उत्तरेचं राज्य अश्शूरच्या घशात जात असताना होशेय बोलतोय. पाचव्या वचनात हद्दपारी आहे. आठव्यात देव स्वतःशीच झगडतो: एफ्राइमा (हे उत्तरेच्या राज्याचंच दुसरं नाव), तुला कसा सोडून देऊ? आणि अकराव्यात लोक पाखरांसारखे थरथरत मिसरातून, अश्शूरातून परत येतात. म्हणजे पहिला निर्गम सांगून होशेय दुसऱ्या निर्गमाकडे बोट दाखवतो. मत्तय त्या बोटाच्या दिशेनं पाहतो. जो पुत्र हाकेला फिरला नाही, त्याचाच इतिहास आता एक पुत्र पुन्हा जगतोय आणि या वेळी तो हाक ऐकतोय, असं त्याचं म्हणणं आहे. ‘पूर्ण होणं’ म्हणजे दरवेळी भाकीत खरं ठरणं नव्हे. अर्धवट राहिलेली गोष्ट भरून येणं, हाही तिचा अर्थ आहे.

मत्तयाचा हा विचार आहे, आपण त्याच्यावर लादत नाही, याचा पुरावा पुढच्या दोन अध्यायांत मिळतो. मिसरातून परत, मग यार्देनेचं पाणी, मग अरण्यात चाळीस दिवस. इस्राएलाचा क्रमही मिसर, समुद्र, अरण्यात चाळीस वर्षं असाच होता. तिथे परीक्षा घेणाऱ्या सैतानाला येशूनं दिलेली तिन्ही उत्तरं अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या ते आठव्या अध्यायातून आली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. हे तीन अध्याय म्हणजे अरण्यातल्या चाळीस वर्षांचा धडा मोशे लोकांना परत सांगतो तो भाग. ८:२ मध्ये तर वाक्यच आहे की देवानं तुला चाळीस वर्षं अरण्यात फिरवलं ते तुझी परीक्षा पाहण्यासाठी. भाकरीवरून इस्राएल कुरकुरला, मस्सा इथे त्यानं देवाची परीक्षा पाहिली, आणि मोशे त्याला इतर दैवतांच्या मागे न लागण्याची ताकीद देतो. तीन परीक्षा, तीन धडे. हे तीन अध्याय वाचायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत आणि मत्तय ४ पार वेगळा दिसू लागतो. (लूकमध्ये दुसरी आणि तिसरी परीक्षा उलट क्रमानं आहे. दोन्ही पडताळताना गोंधळू नका.)

याच प्रसंगात सैतानही शास्त्र म्हणून दाखवतो, स्तोत्र ९१:११-१२: देवदूत तुला हातांवर झेलतील. वचन अगदी खरं आहे. पण तो थांबतो तिथे लगेच तेराव्या वचनात सिंहावर आणि नागावर पाय देण्याची गोष्ट आहे, आणि सगळं स्तोत्र देवाच्या आश्रयाला राहणाऱ्याबद्दल आहे, मंदिराच्या टोकावरून उडी टाकून देवाला अजमावणाऱ्याबद्दल नाही. एक वचन उतारा सोडून उचललं की काय होतं, ते नव्या करारानं स्वतःच दाखवून ठेवलंय.

स्तोत्र २२ सर्वांच्या ओळखीचं आहे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे पहिलं वचन वधस्तंभावर उच्चारलं जातं. पण मार्क १५ सावकाश वाचला तर हे स्तोत्र त्याआधीपासूनच चालू आहे असं लक्षात येतं. वचन २४ मध्ये कपड्यांवर चिठ्ठ्या टाकतात, ते स्तोत्राचं अठरावं वचन. २९मध्ये जाणारे-येणारे माना डोलावतात, ते सातवं. ३४मध्ये आक्रोश, ते पहिलं. मार्क स्तोत्र शेवटाकडून आरंभाकडे नेतो, सगळ्यात खोल वेदनेपर्यंत.

आता स्तोत्राचा उरलेला भाग. बाविसाव्या वचनापासून सूर बदलतो, सुटलेला माणूस मंडळीत देवाची स्तुती करतो (इब्री लोकांस पत्र २:१२ नेमकं हेच वचन उचलतं) आणि सत्ताविसाव्यात पृथ्वीच्या टोकांपर्यंतची राष्ट्रं देवाकडे वळतात. मार्कमध्ये येशूनं प्राण सोडल्यावर बोलणारा पहिला माणूस कोण, तर रोमी शताधिपती. हा योगायोग मला वाटत नाही. तरीही एक सावधगिरी हवी. शेवट गोड आहे म्हणून पहिल्या वचनातली वेदना खोटी ठरवू नये. ‘येशू खरं तर विजयाचंच गात होता’ असं प्रवचनात ऐकू येतं, ते स्तोत्रालाही मानवत नाही. स्तोत्रकार एकवीस वचनं तळमळतो. त्याचं तळमळणं खरं आहे, आणि मार्कनं तेवढेच शब्द येशूच्या तोंडी ठेवले आहेत.

उतारा किती मोठा घ्यायचा? स्तोत्र असेल तर पूर्ण. संदेष्टा असेल तर अध्यायाच्या रेषेवर विसंबू नका. यशया ५३ म्हणून आपण जे ओळखतो ते खरं तर ५२:१३ ला सुरू होतं. अध्यायाची रेघ मध्येच पडली आहे आणि ‘माझा सेवक उंचावला जाईल’ हा आरंभ मागे राहून जातो. या उताऱ्यातला सेवक कोण, हा प्रश्न जुना आहे. यहूदी परंपरेत तो इस्राएल राष्ट्र आहे असं वाचण्याची मोठी धारा आहे आणि यशया ४९:३ तिला आधार देतं. नवा करार तो प्रश्न लपवत नाही: प्रेषितांची कृत्ये ८:३४ मध्ये कूशी षंढ फिलिप्पाला हेच विचारतो, संदेष्टा हे कुणाविषयी म्हणतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? ख्रिस्ती उत्तर मनापासून देता येतं, पण प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवून नव्हे. इब्री शास्त्र हे यहूदी लोकांचं जिवंत शास्त्र आहे, नव्या कराराची नुसती प्रस्तावना नाही.

पडताळताना आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. इब्री छापील प्रतींत बऱ्याच स्तोत्रांचं शीर्षक पहिलं वचन म्हणून मोजतात, त्यामुळे २२:१८ तिथे २२:१९ असतं. ग्रीक भाषांतरात नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलंय, म्हणून त्यापुढची बहुतेक स्तोत्रं एका आकड्यानं मागे आहेत. मलाखीचा चौथा अध्याय इब्रीत तिसऱ्याचाच भाग आहे.

शब्दच जुळले नाहीत तर कारण बहुधा ते ग्रीक भाषांतरच असतं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून आलेक्सांद्रियात सुरू झालेलं हे सेप्टुअजिंट नव्या कराराच्या लेखकांच्या हाती होतं, आणि आपला जुना करार मात्र मुख्यतः इब्रीवरून आलाय. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमच्या सभेत तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब आमोस ९:१२ सांगतो, ‘बाकीच्या मनुष्यांनी प्रभूला शोधावं’. आमोस उघडलात तर ‘अदोमाचे उरलेले’ दिसतात. त्या सभेपुढे प्रश्न होता परराष्ट्रीयांना सुंता न करता आत घ्यायचं का, आणि याकोबाचा मुद्दा ग्रीक पाठावर उभा आहे. इब्रीतही त्याच वचनात ‘माझं नाव ज्यांना दिलंय ती सर्व राष्ट्रं’ आहेतच, त्यामुळे दिशा एकच राहते. फरक दिसला की छपाईची चूक समजून पुढे जाऊ नका.

प्रकटीकरणाची तऱ्हा निराळी. त्यात ‘असं लिहिलं आहे’ म्हणून दिलेलं अवतरण एकही नाही, आणि तरी जुन्या कराराचे धागे इतके दाट क्वचितच कुठे सापडतील. तेराव्या अध्यायात समुद्रातून वर येणारं श्वापद चित्त्यासारखं आहे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, दहा शिंगं आणि सात डोकी. दानीएल ७ मध्ये समुद्रातून चार श्वापदं येतात: सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि दहा शिंगांचं चौथं. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानानं चौघांना एकात ओतलंय, प्राण्यांचा क्रम उलटा केलाय, आणि डोकी मोजलीत तर एक, एक, चार आणि एक, बेरीज सातच. दानीएल ७:१७ आणि ७:२३ वरून कळतं की श्वापदं म्हणजे राजे आणि त्यांची राज्यं. मग योहानाच्या पहिल्या वाचकांना या श्वापदात रोम दिसलं असणार हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. दानीएल बाजूला ठेवून हे श्वापद आजच्या बातम्यांत शोधत बसणं म्हणजे दिलेली किल्ली फेकून कुलूप फोडत बसण्यासारखं आहे.

उलट टोकाची चूकही होते. जिथे तिथे ख्रिस्त शोधायची सवय लागली की इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबच्या खिडकीतला लाल दोर म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, असं काहीही सुचतं. हा अर्थ जुना आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंटच्या पत्रातही तो आहे. पण यहोशवाच्या पुस्तकात दोराचं काम घर ओळखू यावं एवढंच. संबंध पक्का मानायला मी दोन गोष्टी बघतो: एकाहून जास्त खुणा जुळतात का, आणि जुळल्यानं नव्या करारातल्या त्या उताऱ्याचा मुद्दा पुढे जातो का. बाप्तिस्मा करणारा योहान उंटाच्या केसांचं वस्त्र नेसतो, कमरेला कातडी पट्टा बांधतो. २ राजे १:८ मध्ये एलीयाचं वर्णन तसंच, केसाळ आणि कातडी पट्ट्याचं. एलीया यार्देनेपाशी वर घेतला गेला, योहान यार्देनेपाशीच उभा राहतो. मलाखीच्या अखेरीस एलीया येईल असं वचन आहे आणि मार्क १:२ मलाखीच्याच शब्दांनी सुरुवात करतो. इतक्या खुणा जुळल्यावर शंका उरत नाही.

जुना करार काढून टाकून बघण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्सियन नावाच्या शिक्षकानं तो नाकारला. १४४च्या सुमारास तिथल्या मंडळीशी त्याचं फाटलं. त्याच्याकडे उरलं एक शुभवर्तमान, लूकच्या जवळचं, आणि पौलाची दहा पत्रं. पण तेवढ्यानं भागेना. त्याच्या लूकमध्ये जन्मकथा नव्हती, वंशावळ नव्हती, आणि पत्रांतूनही त्यानं भाग छाटले असं त्याचा टीकाकार तर्तुल्यन दाखवून देतो. इब्री शास्त्र बाहेर ठेवायचं तर नव्या करारालाच कात्री लावावी लागते, कारण पौलाचं म्हणणंच अब्राहामावर उभं आहे. उत्पत्ती १५:६ मध्ये विश्वास नीतिमत्त्व म्हणून धरला जातो, सुंता येते सतराव्या अध्यायात. हा क्रम रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचा कणा आहे. इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय तर लेवीय १६ शिवाय कळतच नाही. वर्षातून एकदाच पडद्याआड जाणारा प्रमुख याजक, दोन बकरे, आणि बळीचं उरलेलं छावणीबाहेर जाळणं. हा शेवटचा तपशील त्याच पत्राच्या १३:११-१२ मध्ये वेशीबाहेरच्या मरणाला जोडलाय.

सगळा जुना करार एकदम वाचणं जमत नसेल तर सुरुवात कुठून? नव्या करारात सर्वाधिक येणारी पुस्तकं म्हणजे स्तोत्रसंहिता, यशया आणि अनुवाद. मृत समुद्राजवळ कुमरानला १९४७पासून सापडलेल्या गुंडाळ्यांतही सर्वाधिक प्रती याच तिघांच्या आहेत, म्हणजे त्या काळी लोक हेच जास्त वाचत होते. अनुवाद ६ ते ८, मग निर्गम १२ ते २४, यशया ४० ते ५५, दानीएल ७, आणि स्तोत्रं २२, ११० व ११८. त्यातलं ११०:१ नव्या करारात सर्वात जास्त वेळा आलेलं वचन आहे. ११८ आधी वाचून मग मार्क ११ आणि १२ एका बैठकीत वाचा. ‘होसान्ना’चा घोष ११८:२५-२६ मधून आलाय, आणि द्राक्षमळ्याचा दाखला संपताना येशू बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचं जे वचन सांगतो ते २२वं, त्याच्या जेमतेम तीन वचनं आधीचं.